उभी गाडी विकण्याआधी तिला चालू करून पाहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिराती

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात 'फियाट, मॉडेल १९६७, एकहाती, पंचवीस वर्षे घरात उभी, रिस्टोरेशनसाठी उत्तम, थोडे काम केल्यास चालू, आहे तशा स्थितीत विकणे' अशी जाहिरात वाचली आणि दुसऱ्याच दिवशी मी गाडी पाहायला खानापूर तालुक्यात गेलो. तिथे जे पाहिले त्यावरून हे पत्र लिहावेसे वाटले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात जुन्या वाड्यांच्या पडवीत, तंबाखूच्या वखारीत आणि बंद पडलेल्या गोठ्यांत अशा अनेक गाड्या आजही उभ्या आहेत. घरातली जुनी माणसे गेली, मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला स्थायिक झाली, वाडा विकायचा ठरला, की या गाड्या बाहेर येतात, आणि बाहेर येताना शेवटच्या पंधरा दिवसांत त्यांचे जे नुकसान होते ते आधीच्या पंचवीस वर्षांतही झालेले नसते.

मी उद्यमबागेत एकोणचाळीस वर्षे सिलिंडर बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचे छोटे वर्कशॉप चालवले. आता ते मुलगा पाहतो. ट्रॅक्टरपासून ट्रकपर्यंत शेकडो इंजिने हाताखालून गेली, पण जीव रमला तो जुन्या फियाटमध्ये, कारण आमच्या लहानपणी गल्लीत डॉक्टरांच्या दारात एकच मोटार उभी असे आणि ती फियाट होती. त्यामुळे या पत्रात काही ठिकाणी आपुलकी अधिक दिसेल, पण सांगतो आहे ते कामातून शिकलेले आहे.

ती गाडी जांबोटीच्या वाटेवरच्या एका गावात, घराला लागून असलेल्या गोठ्यात होती. गुरे दहाएक वर्षांपूर्वीच विकली गेली होती, तरी जमीन शेणाने सारवलेलीच होती आणि एका कोपऱ्यात ओल स्पष्ट दिसत होती. गाडीची मालकीण पंचाहत्तरीच्या आजी. यजमान शिक्षण खात्यात नोकरीला होते, त्यांनीच ती घेतली, त्यांनीच चालवली, आणि त्यांचे डोळे गेल्यावर ती जागेवर राहिली. ताडपत्री काढलेली होती. गाडी ओली होती. मी कारण विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर नातवानं पाइप लावून धुतली की ओ. बॅटरी पण लावून बघितली, नुसतं टक्कन वाजलं, फिरलं नाही. बॅटरीच कमी पडली असेल बघा."

बॅटरी कमी पडली नव्हती. मी चारही प्लग काढून आत उजेड टाकला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस गंजाचा पट्टा दिसला. त्या सिलिंडरची झडप (व्हॉल्व्ह) अर्धवट उघडी राहून गाडी थांबली असणार, आणि प्रत्येक पावसाळ्यात त्या वाटेने आत गेलेल्या दमट हवेने पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरून ठेवल्या होत्या. नातवाने लावलेल्या बॅटरीत जोर थोडा कमी होता हे त्या गाडीचे नशीब. भरलेली बॅटरी असती, स्टार्टरने जोर केला असता, तर रिंग तुटली असती किंवा भिंतीवर ओरखडा गेला असता.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. २००३ साली निपाणीकडच्या एका वखारीतून मी स्वतः अशीच एक फियाट घेतली होती. विकणाऱ्याच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने, मी पोहोचण्याआधीच, गाडी ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधून तिसऱ्या गिअरमध्ये ओढली. पहिल्यांदा मागची चाके नुसती घासत गेली, मग कडकड आवाज करून इंजिन फिरले आणि धूर काढत दोन मिनिटे चालले. मला फोन आला की गाडी चालू आहे, किंमत वाढली. मी ती वाढीव किंमत दिली. घरी आणून हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवले तेव्हा दोन पिस्टनच्या रिंगा तुटलेल्या, झडपा उघडणारे दोन पुशरॉड वाकलेले आणि दुसऱ्या सिलिंडरमध्ये बोटाच्या नखाला अडकेल इतका खोल उभा ओरखडा निघाला. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर. ओरखडा बोअर मोठे करून जाणारा नव्हता, म्हणून तिथे स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवावी लागली. ते काम मी माझ्याच मशीनवर केले. ट्रॅक्टरच्या दोन मिनिटांनी जे बिघडले ते दुरुस्त करायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या इंजिनाचा मूळ बोअर कायमचा गेला.

त्याऐवजी करायचे काय, ते साधे आहे. प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून दोन-तीन चमचे सोडावे, आणि आठवडाभर, गरज पडली तर महिनाभर, रोज थोडे थोडे सोडत राहावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, हळू, एका दिशेला आणि मग दुसऱ्या दिशेला झोका द्यावा. इंजिन एक सूत जरी हलले तरी ते मोकळे होणार. हलले नाही तर हेड उतरवावे, जोर लावू नये. हेड उतरवतानाही घाई उपयोगाची नाही. फियाटचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे, रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे साधे विहिरीचे पाणी घातलेले असले की हेडच्या पाण्याच्या वाटा पोखरल्या जातात आणि हेड धरून ठेवणारे स्टड हेडमध्ये पांढऱ्या क्षाराने जाम होतात. छिन्नी-हातोडी मारून हेड उचकटणारे हात मी पाहिले आहेत. त्यांनी उचकटलेली हेडे माझ्याकडे दुरुस्तीला येत, आणि बहुतेक परत पाठवावी लागत.

पण खरे सांगायचे तर इंजिन हा या खरेदीतला दुय्यम भाग आहे. मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी प्रथम फियाट म्हणून आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून शतक संपेपर्यंत बनवली, आणि १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे तेच इंजिन थोड्याफार बदलांनी शेवटपर्यंत चालू राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षे टॅक्सीत धावलेल्या गाडीचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्लचप्लेट, व्हील सिलिंडरचे रबर मुंबईत, कोल्हापुरात, आणि शोधले तर आपल्याकडेही मिळते. मिळत नाही ते १९६७ च्या गाडीचे पुढचे ग्रिल, दारावरच्या चकचकीत पट्ट्या, मागच्या दिव्याची काच, मीटरची तबकडी, आतल्या हँडलांची बटणे. जाम झालेले इंजिन आठ दिवसांत मोकळे करता येते, पण मागच्या दिव्याची एक मूळ काच शोधण्यात माझी दोन वर्षे गेली. म्हणून विकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की गाडीतून निघालेले, माळ्यावर टाकलेले, डब्यात ठेवलेले काहीही भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या तराजूत दहा-वीस रुपयांना जाणारी पट्टी घेणाऱ्यासाठी गाडीच्या निम्म्या किमतीची असू शकते.

त्याहून मोठा प्रश्न पत्र्याचा. फियाटला आणि ॲम्बॅसॅडरलाही ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते. गाडीचा सांगाडाच पत्र्याचा, आणि तिचे बळ मुख्यतः दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पेट्यांत असते. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डसारख्या मोजक्या गाड्यांना खाली वेगळी चॅसी असते, तिथे वरचा पत्रा गेला तरी गाडी उभी राहते. फियाटची दाराखालची पेटी गेली तर दारे बसत नाहीत, आणि जॅक लावला की गाडी मध्येच वाकते. त्या दिवशी गोठ्यात मी साधा पेचकस घेऊन डाव्या बाजूच्या पेटीवर खालून हलकेच दाबला. वरचा रंग शाबूत होता, पंचवीस वर्षांपूर्वीची चमकही थोडी होती, आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. आतून ओल्या लाल मातीसारखा गंजाचा भुगा माझ्या मनगटावर पडला आणि त्यामागून पाणी आले, आदल्या दिवशी नातवाने पाइपने धुतलेले पाणी. दाराच्या आणि पेटीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला जी बारीक भोके असतात ती धुळीने आणि मातीच्या किड्यांच्या घरट्यांनी बुजलेली होती. उजवी बाजू मात्र टणक होती, कारण तिकडची जमीन उंच होती आणि ओल डावीकडे उतरत होती.

यावरून आपल्या भागातल्या घरमालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शहाबादी फरशीवर, भिंतीपासून दूर, हवा खेळत्या जागी उभी असलेली गाडी आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभी असलेली गाडी, दोन्ही 'घरात उभी' असल्या तरी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गोठ्याची ओल पत्र्याला वाईट आणि गोमूत्राची वाफ रेडिएटरच्या व वायरिंगच्या पितळेला-तांब्याला वाईट. खानापूर, जांबोटी, चोर्ला या पट्ट्यात तर मृग लागला की आश्विनापर्यंत हवा कोरडी होत नाही. प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट गुंडाळली की आतली ओल आतच घामासारखी बसते. सुती चादर बरी. टायरवर भार ठेवून गाडी वर्षानुवर्षे उभी करू नये. विटांवरही चढवू नये, वीट फुटते आणि गाडी कोसळते. जाड लाकडी ठोकळ्यांवर एक्सलखाली टेकवावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेकशू ड्रमला धरून बसतात. या साऱ्याचा खर्च काही नाही, आणि हे अजूनही करता येईल अशा कितीतरी गाड्या आपल्या भागात असतील.

पत्र्याचे काम कोणाकडून करून घ्यायचे हाही प्रश्न आहे. पूर्वी पत्रा कापून, नवा पत्रा हातोडीने वळवून, वितळवून जोडणारे कारागीर आपल्याकडे होते, ट्रकच्या बॉडी बांधण्यातून ती विद्या आली होती. आज बहुतेक ठिकाणी भोकावर पत्र्याचा तुकडा डकवतात, वर लांबी (पुट्टी) भरतात, घासून रंग मारतात. गाडी दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात लांबी पोळीसारखी फुगते. विकत घेणाऱ्याने पातळ कापडात गुंडाळलेला लहान लोहचुंबक सोबत न्यावा आणि दारांच्या खालच्या कडांवर, मडगार्डांवर फिरवावा. जिथे तो पकडत नाही तिथे पत्रा नसून लांबी आहे. मालकाने अलीकडे 'रंग काढून दिला' असेल तर मी अधिक सावध होतो. जुना, मळका, मूळ रंग मला हवा असतो, कारण तो खोटे बोलत नाही.

आता कागदपत्रांविषयी, आणि इथे सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे त्याआधी इथे नोंदवलेल्या गाड्यांना, उदाहरणार्थ ज्यांना आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणतात आणि ज्यांची पुढची दारे उलटी उघडतात त्या पहिल्या पिढीच्या ११०० गाड्यांना, मुंबई राज्याचे नंबर आहेत. त्यानंतरच्या गाड्या म्हैसूर राज्याच्या. १९७३ ला राज्याचे नाव कर्नाटक झाले, १९८९ ला देशभर नंबरांची पद्धत बदलली. आजोबांच्या नावावरची गाडी, जुन्या राज्याच्या नंबरची, नोंद संगणकावर कधीच न चढलेली, आणि घेणारा कोल्हापूरचा किंवा सांगलीचा, असा प्रकार असेल तर कागदाचे काम गाडीच्या कामाइतकेच मोठे असते.

माझ्या २००३ च्या गाडीच्या कागदांसाठी मी एका परिवहन कार्यालयात चौदा महिने खेटे घातले. गाडी ज्यांच्या नावावर होती ते वारलेले, तीन वारसांपैकी एक परगावी, आणि मी पैसे देऊन गाडी घरी आणल्यावर हे मला कळले. त्यामुळे पैसे देण्याआधी काय पाहावे ते ठामपणे सांगतो. मूळ आरसी बुक आहे का. ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर व्हायला हवे, त्यासाठी नमुना ३१ आहे. मग विक्रीचे नमुने २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, नमुना २८. आरसी बुक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार आणि नमुना २६. चॅसी नंबरच्या पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा आणि तो बुकातल्या नंबरशी अक्षरशः जुळवावा. इंजिन नंबरही जुळवावा. १९८० आणि ९० च्या दशकांत इंधन वाचवण्यासाठी कित्येक फियाट आणि ॲम्बॅसॅडरांत डिझेल इंजिने बसवली गेली, काही नोंद करून आणि काही न करता.

इंजिनाच्या या मुद्द्याला आज नवे महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी झालेली दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात बदल केलेला नाही, ती या नोंदणीला पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो, जुन्या मुंबई राज्याच्या नंबरची गाडी जपणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, आणि पेट्रोल भरणे व दुरुस्तीपुरते जाणे-येणे एवढीच परवानगी. रविवारी कुटुंबाला घेऊन आंबोलीला जायचे असेल तर साध्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तपासणी करून घ्यावी लागते, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले. म्हणजे १९६७ च्या फियाटचा मालक 'बिघडलेले इंजिन काढून दुसरे बसवून देतो' असे सांगत असेल तर तो गाडीचे भले करत नाही. मूळ इंजिन, जाम असले तरी, गाडीसोबतच राहिले पाहिजे.

किमतीविषयी थोडेच लिहितो. मोबाइलवर पूर्ण तयार, चकचकीत गाड्यांच्या किमती पाहून गोठ्यातल्या गाडीची किंमत सांगणारे मालक मला वारंवार भेटतात. त्यांचा दोष नाही, त्यांना फरक कोणी सांगितलेला नसतो. निपाणीची ती गाडी रस्त्यावर येईपर्यंत माझा खर्च खरेदीच्या पाचपट झाला, आणि त्यात माझ्या वर्कशॉपमधल्या कामाची मजुरी धरलेली नाही. घेणारा एवढा हिशेब मांडूनच येतो. दुसरीकडे भंगारवाला किलोच्या भावाने बोलतो, फियाट भरते सुमारे ९०० किलो, आणि वैतागलेले वारस एका दुपारी होकार देतात. योग्य किंमत या दोन्हींच्या मध्ये असते आणि ती इंजिन चालू आहे का यावर कमी, पत्रा, सुटे भाग आणि कागद यांवर अधिक ठरते.

आजींनी चहा ठेवला तेव्हा मी त्यांना कागदांविषयी विचारले. त्यांनी आतल्या खोलीतली ट्रंक उघडली. यजमानांच्या कोटाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात मूळ आरसी बुक, दुसरी किल्ली, शेवटच्या विम्याचा कागद, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मागच्या दिव्याची एक काच, अखंड. "हे जपून ठेवा म्हणाले होते," एवढेच त्या म्हणाल्या. जाहिरातीत यातले काहीच नव्हते. जाहिरात पुण्याच्या मुलाने फोनवरून दिली होती, त्याला हा डबा ठाऊक नव्हता. 'थोडे काम केल्यास चालू' या वाक्याऐवजी 'मूळ कागद, मूळ दिव्याची काच, डावी बाजू गंजलेली, इंजिन फिरत नाही' असे लिहिले असते तर ती गाडी जाणकार माणसाकडे आठवड्यात गेली असती आणि आजींना किंमतही अधिक आली असती. मी त्यांना तसे सांगितले. प्लगच्या भोकांत तेल सोडून दिले, दाराखालची भोके तारेने मोकळी केली, पेटीतले पाणी काढले, आणि नातवाला सांगितले की बॅटरी पुन्हा लावायची नाही. नातू मोठ्या मनाचा होता, त्याने वही आणून सगळे लिहून घेतले.

संपादक महोदय, आपल्याला माझी विनंती एवढीच आहे. सीमाभागातल्या मराठी घरांत जुन्या वस्तू विकायच्या झाल्या की आजही पहिली जाहिरात आपल्याच रकान्यात येते. तीस वर्षांहून जुन्या वाहनाची जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे जाहिरातीतच छापावीत. मूळ आरसी बुक आहे का आणि ते हयात व्यक्तीच्या नावावर आहे का. गाडी छपराखाली फरशीवर होती की मातीवर. इंजिन हाताने फिरते का, म्हणजे बॅटरी लावून नव्हे. आणि सुटलेले भाग घरात आहेत का. यासाठी दोन ओळी जास्त लागतील. त्या दोन ओळींचे पैसे जाहिरातदाराकडून घेऊ नयेत अशी माझी सूचना आहे. आपल्याला ते जड वाटत असेल तर पहिल्या वर्षी त्या ओळींचा खर्च मी आणि आमच्याकडचे दोघे-तिघे जुने मेस्त्री मिळून देऊ.

जाहिरातीसोबत मराठीतून छोटी सूचनाही द्यावी, कारण अर्जांचे नमुने इंग्रजीत आणि कार्यालयातल्या पाट्या कन्नडमध्ये असल्यामुळे खेड्यातल्या वयस्क मालकाला एजंटाशिवाय पाऊल टाकता येत नाही. नमुन्यांचे क्रमांक वर दिलेच आहेत, ते एका चौकटीत छापले तरी पुष्कळ होईल.

कोल्हापूरला दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक निघते तेव्हा ती पाहायला बेळगावहूनही माणसे जातात. ती गाडी टिकली कारण तिला सांभाळणारे हात पिढ्यान्पिढ्या होते. शिक्षण खात्यातल्या एका नोकरदाराने घेतलेली फियाट टिकवायला तेवढे हात नाहीत, पण तिच्यावर त्या घराचे प्रेम कमी नव्हते, हे त्या ट्रंकेतल्या डब्यात मी पाहिले.

वळीव सुरू झाले आहेत. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. ज्यांच्या पडवीत अशी गाडी उभी आहे त्यांनी पाऊस लागण्याआधी तिला ठोकळ्यांवर घ्यावे, प्लगच्या भोकांत तेल सोडावे, ताडपत्री काढून सुती चादर घालावी, आणि विकायची असेल तर आधी आरसी बुक शोधावे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत कोणाला गाडी विकण्याआधी दाखवायची असेल तर मी स्वतः येऊन पाहीन. त्यासाठी काही घेत नाही, आणि गाडी विकत घेण्याचा आग्रहही धरत नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, विचारणाऱ्यास तो जरूर द्यावा.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक
टिळकवाडी, बेळगाव